पाणी आलंय म्हणे

नवरीच्या मावशीच्या दंडाभोवती मी टेप गुंडाळला होता आणि ओठांत टाचण्या धरल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. मुंबईहून धाकट्या भावाचा. तो दिवसा कधीच फोन करत नाही. गोदामात माल उतरवायच्या वेळी कोणी फोन काढला तर मुकादम सगळ्यांसमोर उद्धार करतो. त्यामुळे टाचण्या तोंडात तशाच ठेवून मी फोन घेतला.

"आक्का, व्हिडिओ बघितलास का?"

"कसला?"

"कालव्यात पाणी आलंय म्हणं. आपल्या कालव्यात."

मावशीबाईंचा दंड माझ्या हातातून सुटला. साताऱ्याच्या त्या दहा बाय बाराच्या दुकानात, शिलाईच्या दोन मशिनींमध्ये उभी राहून मी "काय?" म्हणून विचारलं, तेव्हा एक टाचणी खाली पडली आणि ती आजतागायत सापडलेली नाही.

आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पलीकडे. घराणं मेंढरांचं. आजोबांनी सगळा जन्म कळपामागे काढला, आबांनी अर्धा काढला आणि मग कोरड्या रानात बाजरी-ज्वारी करत राहिले. मी शाळेत होते तेव्हा आमच्या बांधाला लागून कालवा खणला. पुढे त्याला सिमेंटही लावलं. पाणी मात्र आलं नाही. दर थोड्या वर्षांनी कुणीतरी येऊन नारळ फोडायचं, पुढच्या दिवाळीला पाणी म्हणायचं, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. गावानं मग कालव्याचा आपल्या परीनं उपयोग करून घेतला. पोरं त्यात क्रिकेट खेळायची, बायका उतारावर शेण्या वाळवायच्या, उन्हाळ्यात कुणाचं लग्न असलं की जेवणाच्या पंगती कालव्यात बसायच्या. वारा लागत नाही, पत्रावळी उडत नाहीत. माझ्या स्वतःच्या लग्नाची पंगत त्यातच उठली. त्या कालव्यात पाणी आलंय असं कुणी सांगितलं तर हसावं की रागवावं, हेच आधी कळत नाही.

पण भाऊ हसत नव्हता. त्याच्या मालकानं गुजरातेत नवं गोदाम घेतलं होतं. तिथे त्याला कायमचं काम देत होते, राहायला जागा, बायकोपोरं घेऊन या म्हणत होते. हो की नाही ते त्याला संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

"एकदा तिकडं गेलो का मग गावाकडं येणं न्हाई, आक्का. पोरं तिकडंच रुजत्यात," तो म्हणाला. "पण पाणी खरं असंल तर मी आजच न्हाई म्हणतो. घरी येतो. आपलंच रान करतो."

"मग आबांना विचार की."

"आबा फोन उचलनात. आन उचलला तरी आबांचं तुला ठावं हाय. तू जाऊन बघ. तू म्हणशील ती पूर्व."

घरात मला सगळे 'पंचनामा' म्हणतात. कुणी काही सांगितलं की माझा पहिला प्रश्न, तू स्वतः बघितलंस का? दुसरा, कुठे उभा होतास? लहानपणी याबद्दल मी बोलणी खाल्लीत, सासरीही खाते. पण शिवणाच्या धंद्यात हा स्वभाव कामाला येतो. बायका येऊन सांगतात, ताई, उद्या लग्न आहे, आजच पाहिजे. कुणाचं खरं, ते मला लगेच कळतं. जिचं लग्न खरंच उद्या असतं, ती कापड टाकते, "कसाही शिवा" म्हणते आणि पळते. जिचं महिनाभराने असतं, ती अर्धा तास उभी राहून उद्याच्या मांडवाचं वर्णन करते. मीही त्यांना "बुधवारी नक्की" सांगते आणि तो बुधवार कुठला, हे त्याही ओळखतात. एकंदरीत आमचं छान चालतं.

हे शिक्षण मला आबांकडून मिळालं. आबा म्हणजे गोष्टींचं कोठार. कोयनेच्या खोऱ्यात चुकलेला मेंढा एकटा चालत घरी कसा आला, लांडग्याशी त्यांची नजरानजर कशी झाली आणि शेवटी लांडग्यानं कशी मान खाली घातली, सगळं असं सांगायचे की ऐकणाऱ्याच्या हातातली भाकरी हातात राहायची. आणि दर दोन वाक्यांनी "बिरुबाची आन". गावात खऱ्या भांडणात माणसं बिरोबाच्या देवळात जाऊन भंडाऱ्याची हळद उचलून शपथ घेतात. ती गोष्ट गंभीर असते आणि आबांनी त्या भंडाऱ्याला असल्या कामासाठी कधी बोट लावलं नाही. तोंडची आण मात्र सढळ. कुणी टोकलं तर म्हणायचे, "देवाला ठावं हाय मी गोष्ट सांगतुया. त्यो बी ऐकतुय."

मी आणि भावानं लहानपणीच नियम करून टाकला होता. आण आली की निम्मं सोडायचं. दोनदा आली की सगळंच सोडायचं. पण गोष्ट ऐकायची पुरती.

मावशीबाईंना "बुधवारी नक्की" सांगून मी शटर ओढलं. आधी गावाकडच्या दोघा-तिघांना फोन लावून बघितले होते. प्रत्येक जण म्हणाला, "व्हय की, आलंय, व्हिडिओ बघितला न्हाईस व्हय?" त्यातला एक पुण्यात होता आणि एक साताऱ्यातच, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून. म्हटलं, आता आपणच निघावं.

एसटीत खिडकी मिळाली. अर्धं तिकीट काढलं आणि व्हिडिओ उघडला. पडद्यावर कालवा दुथडी भरून चालला होता. निळंशार पाणी, वर पूल, पुलावर माणसं नाचतायत, कुणी गुलाल उधळतंय. एकदा बघितला, दोनदा बघितला, डोळ्यांत पाणी आलं. आईची आठवण झाली. ती असती तर या पाण्यात आधी पाय सोडून बसली असती.

कोरेगाव मागे पडलं. तोवर पुढच्या बाकावरचे दोघे आणि शेजारची बाई, सगळ्यांच्या फोनवर तोच व्हिडिओ वाजत होता. शेजारची बाई म्हणाली, खरा आहे, माझ्या दिराच्या मेव्हण्यानं पाठवलाय. पुढचा एक माजी फौजी मागे वळून म्हणाला, "कन्फर्म रिपोर्ट येऊस्तवर आमी कशावर इश्वास ठेवत न्हाई." त्याच्या शेजारचा म्हणाला, "एवढी माणसं नाचत्यात, ती काय येडी हायत?" सगळी एसटी पंचनाम्याला बसली होती आणि मला खूप आवडत होतं.

पुसेगाव येईपर्यंत माझा स्वभाव जागा झाला. मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघायला लागले. पुलाला कठडा होता. आमच्या पुलाला कठडा नाही. बसवायचा राहून गेलाय. नाचणाऱ्यांच्या अंगात स्वेटर होते, आणि आम्ही चैत्राच्या उन्हात घामाघूम होऊन बसलो होतो. आणि पाण्याच्या दोन्ही बाजूंना उभा, हिरवागार ऊस. आमच्या शिवारात ऊस फक्त यात्रेला रसाच्या गाड्यावर दिसतो.

"ह्यो आपल्याकडला न्हाई," मी मोठ्यानं म्हणाले. फोन या हातातून त्या हातात फिरला. फौजी म्हणाला, "बघा, म्हणलं न्हवतं?" त्यानं तसं काही म्हटलं नव्हतं, पण असू दे. शेजारच्या बाईनं तिच्या दिराच्या मेव्हण्याला एक शिवी हासडली आणि पदर तोंडाला लावून डोळे मिटले.

मला भयंकर राग आला. कुणाच्या आयुष्याचा प्रश्न आणि कुणाला गंमत सुचते. त्या रागातच मी भावाला आवाज पाठवला. "व्हिडिओ खोटा हाय. ऊस दिसतोय त्यात. इश्वास ठेवू नकोस." थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. नुसतं "बरं." तेवढ्या एका शब्दावर मी गोंदवल्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

गावच्या थांब्यावर उतरले तर समोर आबा. मी येणार हे कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. एरवी आबा थांब्यावर असले की त्यांच्याभोवती दोन-चार माणसं असतात आणि गोष्ट अर्ध्यावर आलेली असते. आज एकटे उभे होते. पटका खांद्यावर, काठी नेहमीच्या उजव्या हाताऐवजी डाव्यात.

"आबा, फोन का उचलत नाही?"

"घरी ऱ्हायला."

"त्यो व्हिडिओ कुणी काढला?"

"मला ठावं न्हाई."

मी चालायला लागले. मनात म्हटलं, आता सुरू होईल. पाणी कसं गरजत आलं, पुढं नाग कसा पोहत होता, हत्ती बुडेल एवढं कसं होतं. थांबून वाट बघितली. काही नाही.

"मग पाणी?" मीच विचारलं.

"आलंय," आबा म्हणाले.

आणि गप्प. मला वाटलं, श्वास घेतायत. पण ते काठी टेकत पुढे चालत राहिले. मी मुद्दाम गळ टाकला. "लय आलंय म्हणं. कालवा भरून."

"न्हाई. घोट्याएवढं."

"गुलाल उधळला म्हणं."

"कुणी?"

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. भर उन्हात. आबांनी अशा आवाजात मला आजवर एकदाच काही सांगितलं होतं. काही वर्षांमागे पहाटे त्यांचा फोन आला होता. "आई गेली," एवढंच म्हणाले होते. पुढे काही नाही, आण नाही, गोष्ट नाही. मी आबांकडे बघितलं. त्यांचा चेहरा घाबरलेला होता. ज्याची वाट बघण्यात जन्म गेला ते दारात आलं की माणूस घाबरतो, हे मी तेव्हा प्रथम बघितलं.

मग मला राहवलं नाही. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई मी, चपला हातात घेऊन बांधावरून धावत सुटले. मागून आबा म्हणाले, "आगं, सावकाश. पळून जात न्हाई त्ये."

कालव्याच्या काठावर अर्धं गाव होतं, आणि एवढी माणसं असून आवाज नव्हता. मी गर्दीतून पुढे घुसले आणि खाली बघितलं.

पाणी होतं. मातकट, फेसाळ, चार बोटं उंचीचं, सिमेंटच्या तळावरून दबकत दबकत पुढे सरकणारं. पुढच्या टोकाला वाळक्या काट्या, शेण्यांचे तुकडे, प्लॅस्टिकचे ग्लास, एक तुटकी रबरी चप्पल आणि पोरांचा कधीचा हरवलेला चेंडू, असा सगळा संसार ढकलत ते चाललं होतं. एखादी भेग लागली की थांबायचं, ती भरून टाकायचं आणि पुन्हा निघायचं. काठावरची माणसं त्याच्याबरोबर एक एक पाऊल पुढे सरकत होती. एक म्हातारी हात जोडून चालत होती. मेंढरं लांब उभी होती, त्यांना काही हे प्रकरण पटलेलं दिसत नव्हतं.

मी उतारावरून घसरत खाली गेले आणि पाण्यात उभी राहिले. कोमट होतं. घोट्याच्या थोडं खालीच होतं. म्हणजे आबांनीही अगदीच मोजून सांगितलं नव्हतं. पायाखालून माती सरकली आणि मला हसू यायला लागलं, थांबेना. जिथे माझ्या लग्नाची पंगत बसली होती तिथे मी पाण्यात उभी होते. आनंद, दुसरं काही नाही, निव्वळ आनंद झाला होता मला.

आणि मग भाऊ आठवला. मी त्याला खोटं म्हणून सांगून बसले होते.

"त्यो व्हिडिओ कुणी पाठवला रं?" मी वर बघून ओरडले. ग्रामपंचायतीच्या नळाचं काम बघणारा एक तरणा माणूस पुढे आला. नात्यानं माझा चुलत भाऊ लागतो.

"मी पाठवला, आक्का."

"त्यो आपला कालवा हाय व्हय?"

"न्हाई. त्यो ऊसवाल्यांकडला हाय, गेल्या साली आल्याला." तो कानकोंडा झाला. "आदी मी ह्येचाच काढून टाकला हुता. कुणी इश्वास ठीवंना. मुंबईवालं म्हणलं, टँकर उलाटला काय रं? एक म्हणला, गटार फुटलंय. मग मी त्यो टाकला. त्यो समद्यांला खरा वाटला."

मी कपाळावर हात मारला. खरी बातमी खरी वाटावी म्हणून या बहाद्दरानं खोटा व्हिडिओ लावला होता, आणि त्या खोट्या व्हिडिओवरून मी खरी बातमी खोटी ठरवली होती. आमच्या गावाशिवाय हे कुठे घडणं शक्य नाही. त्याला झोडावं की त्याच्या पाठीवर थाप मारावी, हे ठरवायला मला वेळ नव्हता. मी पाण्यात उभ्याउभ्या भावाला फोन लावला.

वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला, तेव्हा उचलला.

"कुठं हायस?"

"मालकाच्या हापिसात चाललोय. जिन्यात हाय."

"थांब तिथंच. पाणी आलंय."

"आक्का, तूच म्हणलीस खोटं हाय."

"व्हिडिओ खोटा हाय. पाणी खरं हाय."

"ह्ये कसं असंल?"

मी त्याला फोटो काढून पाठवला. बघून म्हणाला, "ह्ये गटार हाय." मी व्हिडिओ कॉल लावला, पाण्यात हात घालून दाखवला. म्हणाला, "हात काय, नळाखाली बी भिजतो." पंचनामा पंचनाम्याला भेटला होता. सगळी उलटतपासणी मीच त्याला शिकवलेली, आता माझ्यावर चालवत होता. मी म्हातारीला दाखवलं, चेंडू दाखवला, बिनकठड्याचा पूल दाखवला. पूल त्याला ओळखू आला. पण म्हणाला, "पाणी ऱ्हाईल का?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. राहील, भरपूर राहील, ये तू. ओठांवर आलंही होतं. "उद्याचं मला म्हाईत न्हाई," मी म्हणाले. "आज हाय. मी त्यात उभी हाय."

जिन्यात कुणीतरी वरखाली करत असल्याचा आवाज आला. मग भावानं विचारलं, "आबा काय म्हणत्यात?"

"आलंय म्हणत्यात."

"आनखी?"

"आनखी काय न्हाई. आलंय, एवढंच."

"बिरुबाची आन घितली का?"

"न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

"थांब्यापासनं हितवर एकदा बी न्हाई. मी म्हणलं कालवा भरून आलंय का, तर म्हणले न्हाई, घोट्याएवढं."

आम्ही दोघंही तेव्हा मनानं जुन्या घरात होतो, लहानपणीसारखे गोधडीखाली, आबांच्या आणा बोटांवर मोजत. मग त्यानं नाक ओढलं. मला कळलं तो रडतोय, आणि त्यालाही कळलं की मला कळलं.

"मालकाला सांगून येतो," तो म्हणाला. "तू फोन ठीव. न्हाई, ठीवू नगंस. ठीव. हिला सांगतो भांडी बांधायला."

मी फोन ठेवला. आबा तोवर काठावर येऊन पोचले होते. माणसांनी त्यांना वाट करून दिली, कारण आता गोष्ट ऐकायला मिळणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. ते मात्र माझ्याकडे बघत उभे राहिले. विचारलं नाही. भाऊ गुजरातेला जायचं म्हणतोय हे त्यांना कुणी सांगितलंय, की त्यांनी आपलं आपण ओळखलंय, ते मला ठाऊक नव्हतं.

"येतोय," मी खालूनच म्हणाले. "बायकोपोरांसकट."

आबांनी ऐकलं. पाण्याकडे बघितलं, ते पुढे सरकत पुलाखाली शिरत होतं. पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं, घसा साफ केला, आणि काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"मला ठावंच हुतं त्यो येणार. बिरुबाची आन."